समोर कापली, समोर जोडा

कात्री थंड लागली तशी माय दचकली. तिला वाटलं सुई टोचली. तोवर मॅनेजरने तिच्या ब्लाऊजची डावी बाही खांद्यापासून उडवली होती.

डायलिसिसच्या सुया तिच्या दंडात लावतात. हात मोकळा लागतो, मान्य. पण भंडाऱ्याच्या त्या सेंटरात पडदा नव्हता. आठ खाटा, अर्ध्यांवर पुरुष. तो म्हणाला होता, "ब्लाऊज काढ."

"इथं? साऱ्याइच्या समोर?"

"तुले पाहाले बसलो का आम्ही? किडनी सडली, नखरे नाही गेले!"

दोघं-तिघं हसले. बाही कचऱ्याच्या डब्यात.

आणि मी? आंधळगावच्या चौकात पत्रकं वाटणारी, माईकवर घसा फोडणारी मी म्हणाले, "सॉरी सर." मशीन त्याच्या हातात होती. माय त्या मशीनवर जगत होती.

निघताना मी बाही डब्यातून उचलली. एसटीत माय पदराने दंड झाकून बसली. वरठी गेल्यावर एवढंच बोलली, "नवं पोलकं होतं वो बाई."

मी शिवणकाम करते. तिच्या दुसऱ्या पोलक्याची बाही खांद्यापासून काठापर्यंत उभी उघडली. आतून पट्टी दिली, पाच टिचबटणं लावली. सुईपुरता हात उघडा, बाकी अंग झाकलेलं. पुढच्या खेपेला शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मले बी शिवून दे वो." वेगवेगळ्या पाळ्यांतल्या सहा जणींना शिवून दिली.

मग देणगीवाले पाहुणे आले. मॅनेजर मायच्या खाटेशी उभा. "महिला पेशंटच्या सन्मानासाठी आमच्या सेंटरने हे डिझाईन केलं." मायकडे वळला. "आजी, हात वर करा. फोटोत बटनं दिसू द्या."

त्या दिवशी आजी. त्या दिवशी 'करा'.

सुया अजून लागायच्या होत्या. मी मायचा हात खाली केला. पिशवीतली कापलेली बाही काढून त्याच्या हातावर ठेवली.

"फोटो मंग काढा. पयले हे जोडून द्या. साऱ्याइच्या समोर कापली, साऱ्याइच्या समोर जोडा."

तो माझ्या कानाशी आला. "पुढच्या वारी मशीन रिकामी नसन. समजलं?"

"काय म्हणता सर? जोरानं बोला. पाहुण्याइले आयकू द्या!"

पाहुण्यांचा मोबाईल खाली गेला. मायने एकेक बटण लावलं. टक. टक. पाचही. मग म्हणाली, "आता सिस्टरले बोलवा. सुई तिच्याच हातानं घेईन."

पुढच्या आठवड्यात तिथे पडदा लागला. गावातले म्हणतात, झालं ना, आता सोड पोरी.

काहून सोडू? पडदा आज लागला. माय तेव्हा उघडी पडली.

तक्रार दिली आहे. चौकशी लागत नसेल तर लावायला भाग पाडीन. चौकशीच्या दिवशी मायचं तेच एका बाहीचं पोलकं मी घालीन. उघडा दंड घेऊन मॅनेजरसमोर उभी राहीन. टेबलावर बाही ठेवीन, सुईदोरा ठेवीन. म्हणेन, बस. जोड.

तो टाके घालेल तोवर मी हलणार नाही. आणि दार उघडंच ठेवीन.