सुमनमावशींच्या फॉर्मवर माझी सही

मंडळी, सकाळपासून लॅपटॉपसमोर बसलेय, पण कामात शून्य लक्ष.

आमच्या कर्वेनगरच्या घरी अकरा वर्षं धुणंभांडी करणाऱ्या सुमनमावशींनी आज देहदानाचा फॉर्म पुढे केला. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

मी विचारलं, "मावशी, मेडिकल कॉलेजातली कोण कुठली मुलं अंगाला हात लावतील. चालेल तुम्हाला?"

"त्यासाठीच तर देतेय, ताई. माझा बाप गेला तेव्हा आमच्या वस्तीबाहेरच्या कुणी हात लावला नाही. इथं सगळ्यांची पोरं लावतील."

सही केली. मग चहा दिला. सवयीनं, त्यांच्यासाठी खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपात.

मावशींनी चहा पिऊन कप विसळला आणि परत खिडकीत पालथा ठेवला.

तुमच्याही घरी असेल ना असा कप? आमचा, हे लिहिताना, अजून तिथंच आहे.