गाडी मागे घेताना

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. मुलाजवळ नाही, सुनेजवळ नाही, बहिणीला फोनवरसुद्धा नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं तो आता नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीचे असता तर गप्पच बसले असते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमचे हे इंजिनिअर, नागपूरकडच्या आमच्या वस्तीतले पहिले. डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली, जवळच नोव्हायला घर घेतलं, मिलिंदला शिकवलं. रिटायर झाले आणि २००२ साली ते घर विकून मोटरहोम घेतलं. बसएवढी लांब गाडी, आत ओटा, पलंग, संडास, सगळं. सुट्टीपुरती नव्हे, कायमची राहायला. उन्हाळ्यात उत्तरेकडे, थंडीत ॲरिझोना नाहीतर टेक्सास. बुद्धविहारात भेटणाऱ्या बायका म्हणायच्या, काकू, तुमची मजा आहे.

मजा होती. खोटं कशाला बोलू? पण फोडणी टाकली की छतावरचा अलार्म बोंबलायचा आणि आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांना कळायचं की आमच्याकडे जेवण झालं. अशा गाड्या लावायला भाड्याच्या जागांचे पार्क असतात, तिथे शेजारी दर पंधरा दिवसांनी बदलायचे. पाणी जपून, गॅस जपून. संडासाची टाकी भरली की जाड नळी लावून रिकामी करायची — ते काम हे करायचे, तक्रार न करता, शीळ घालत. आणि गाडी चालवताना यांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. ज्याच्या बापाने जन्मात सायकल घेतली नाही, तो माणूस एवढं धूड डोंगरातून असं न्यायचा की भांड्यातलं दूध हलायचं नाही.

एकच काम आम्हा दोघांचं मिळून होतं. गाडी जागेवर लावताना रिव्हर्स घ्यायची तेव्हा मी मागे उभी राहायची. त्या गाडीला मागे कॅमेरा नव्हता. हे आरशात फक्त माझा हात बघायचे. हात स्वतःकडे ओढत राहिले की या, मागे या. दोन्ही पंजे वर केले की थांबा. बस, एवढंच. इतर जोडप्यांची या वेळी जोरात भांडणं व्हायची — बाई ओरडायची, नवरा शिव्या द्यायचा, बाकीचे खुर्च्या टाकून तमाशा बघायचे. आमचा आवाज कधी निघाला नाही. ॲरिझोनाच्या पार्कातली बार्बरा नावाची एक म्हातारी शेजारीण म्हणायची, तुमच्या दोघांमुळे आमची करमणूक बुडते. हे हसून सांगायचे, "माझी मिसेस हाच माझा कॅमेरा."

मी टाळतेय, तुमच्या लक्षात आलं असेल. येते मुद्द्यावर.

२००५ चा डिसेंबर. ॲरिझोनात होतो. मिलिंदने नोव्हायला मोठं घर घेतलं होतं, खालच्या मजल्यावर आमच्यासाठी खोली, खोलीला लागून बाथरूम. फोनवर म्हणाला, "आई, ख्रिसमसला या आणि आता इथेच राहा. बाबांना सांग ना." सांगितलं. एकदा नाही, चारदा. हे म्हणायचे, "अगं, पुढच्या वर्षी बघू. जानेवारीत टेक्सासचं बुकिंग केलंय." पुढच्या वर्षी हे मी तीन वर्षं ऐकत होते. मला अंगण नको होतं, काही नको होतं. सकाळी उठल्यावर काल दिसली तीच झाडं खिडकीतून दिसावीत, एवढंच. हे सगळं खरं आहे, आणि याचा काही उपयोग नाही.

ख्रिसमसच्या दोन दिवस आधी आमच्या जागेवरची वीज बिघडली. पार्कवाल्यांनी शेजारची रिकामी जागा दिली. दुपारची वेळ, लख्ख ऊन. मी नेहमीसारखी मागे उभी राहिले. जागेच्या टोकाला विजेचा सिमेंटचा खांब होता, आणि खांबाला लागून बार्बराची घडीची खुर्ची. ती नुकतीच कॉफी आणायला आत गेली होती. खुर्ची रिकामी आहे हे मी बघितलं. एवढं मात्र बघितलं.

गाडी सरळ खांबावर येत होती. थांबवायची वेळ झाली. मला ते कळलं होतं. आणि त्या क्षणी डोक्यात आलं, ही गाडी मोडली तर? ठरवून काही केलं नव्हतं, सकाळपासून मनातही नव्हतं. पण आलं, आणि आल्यावर मी काय केलं? — हात ओढत राहिले. या, या, मागे या. पाच सेकंद असतील. पाच सेकंदांत माणूस हात वर करू शकत नाही का? करू शकतो. मी केला नाही.

खुर्ची आधी मोडली, मग गाडीचं मागचं अंग खांबाने फाडलं. हे धावत खाली आले. गाडीकडे बघितलंच नाही, खुर्चीकडे बघत राहिले. बार्बरा दारात कप घेऊन उभी.

"अगं, तू स्टॉप केलं होतंस का?"

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला असता तर कदाचित मी खरं बोलले असते. कुणास ठाऊक. पण त्यांनी हळू विचारलं, डॉक्टरला विचारावं तसं. मी म्हणाले, "केलं होतं. दोन्ही हात वर केले होते. तुम्हाला दिसलं नाही."

गाडी फोडली त्याहून हे वाईट. गाडी पत्र्याची होती.

ख्रिसमसला पार्कात सगळ्यांचं एकत्र जेवण असायचं. मी शिरा केला होता. लोक येऊन यांच्या पाठीवर हात ठेवून जात होते, कुणाच्याही हातून होतं म्हणत होते. हे कागदी ताट मांडीवर घेऊन बसले होते, खाल्लं काहीच नाही. बार्बराला म्हणाले, तुम्ही बसलेल्या असतात तर मी तुम्हाला मारलं असतं. ती हसून नाही नाही म्हणाली. मी यांच्या शेजारीच होते, शिरा वाढत होते.

जानेवारीत ती फाटकी गाडी तिथेच विकली आणि आम्ही विमानाने नोव्हायला आलो. मला खोली मिळाली. खिडकीत रोज तीच झाडं.

यांनी साधी कारसुद्धा चालवणं सोडलं. मिलिंद डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, चष्म्याने सगळं स्वच्छ दिसतंय, गाडी खुशाल चालवा. मला वाटलं, सुटले. पण घरी येऊन हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "डोळ्यांत दोष नाही, म्हणजे डोक्यात आहे. बाबांचं असंच सुरू झालं होतं." माझे सासरे शेवटी स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते, यांना पोस्टमन समजायचे. हे त्याला जन्मभर घाबरत होते, आणि मला ते माहीत होतं. मी तेव्हा मटार सोलत होते. तेव्हा सांगायला काय हरकत होती? घर मिळालं होतं, गाडी गेली होती, मला काही गमवायचं नव्हतं. मी म्हणाले, "काहीतरीच बोलू नका." आणि मटार सोलत राहिले.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. औषध घेतलं — चिठ्ठी. गॅस बंद केला — चिठ्ठी. कुणाचं नाव आठवायला दोन मिनिटं लागली की चेहरा पडायचा. अहो, नावं कोण विसरत नाही? मी तर रोज विसरते. पण ते प्रत्येक गोष्ट पुरावा म्हणून धरायचे. सून म्हणायची, "बाबा, यू आर फाइन." ते म्हणायचे, "नाही गं, आईला विचार. ती दोन्ही हात वर करून उभी होती, आणि मला दिसली नाही." दर वेळी हेच. पाहुण्यांसमोरसुद्धा. आणि लोक माझ्याकडे बघायचे, बिचारी म्हणून.

तीन वर्षं मी बिचारी होते.

२००८ मध्ये यांचं हृदय गेलं. डोकं नव्हे, हृदय. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात एक तरुण डॉक्टर रोज सकाळी यायचा आणि त्यांच्या रीतीप्रमाणे विचारायचा — तुमचं नाव काय, हे कुठलं वर्ष, आज वार कुठला, आपण कुठे आहोत. हे सावकाश, इंग्रजीत, एकेक उत्तर द्यायचे. सगळी बरोबर. एक दिवससुद्धा वार चुकला नाही.

आणि प्रत्येक उत्तरानंतर ते डॉक्टरकडे नाही, माझ्याकडे बघायचे. बरोबर आलं का, म्हणून.