अप्पांच्या आडतीवरच्या सह्या

अप्पांच्या रानात प्लॉटचे दगड रोवलेत, हे सगळ्यात आधी मी सांगितलं. कुणी खरं मानलं न्हाई. अहमदपूरच्या मोंढ्यात अप्पांच्या आडतीवर आम्ही तिघी धान्य चाळायचो: मी, गंगाबाई आन् जुबेदाबी. चाळून झालं की खाली मातेरं साचतं, ते तिघी सारखं वाटून घ्यायचो. किस्सेही तसेच साचले.

*

दुष्काळाचं वर्ष. मोंढ्यात माल कमी, भाषणं जास्त. अहमदपूर जिल्हा करा म्हणून अप्पा सह्या गोळा करू लागले. मी गंगाबाईला म्हणलं, "जिल्हा झाला तर त्यांच्या रानाला भाव येतोय. तुला काय मिळणार?"

"आपला लिंगायताचा माणूस मोठा व्हायलाय, तुझं का पोट दुखतंय?"

*

गंगाबाईचा नवरा दुसऱ्या पार्टीचा. हॉटेलात बसून रोज अप्पांना शिव्या द्यायचा. अप्पांनी त्याला आपल्या टँकरवर पाणी वाटायला ठेवलं. दुसऱ्याच दिवशी हा जिल्ह्याच्या मोर्चात झेंडा धरून पुढं.

मी म्हणलं, "काय वो दाजी, पार्टी बदलली?"

"पार्टी तीच हाय. टँकर आलाय."

*

जुबेदाबी कागद हातात घेऊन म्हणाली, "अप्पा, जिल्हा झाल्यावर नळाला पानी येईल का?"

"आधी सही तर कर."

"आधी पानी दाखवा."

तिनं सही केली न्हाई. त्या दिवसापासून सहीवाल्यांना टँकरच्या दोन घागरी, तिला एकबी न्हाई.

*

मला तर सगळं ठाऊक होतं. तरी केली सही. अप्पा म्हणले, "तू तर आपलीच लेक." घरात पाण्याचा थेंब नव्हता, आन् ते ऐकून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी गंगाबाईनं मातेऱ्याचे दोनच ढीग लावले. "सह्या दोन, ढीगबी दोन." जुबेदाबी माझ्याकडं बघत राहिली. मी माझा ढीग पदरात भरला.

*

जिल्हा काही झाला न्हाई. माल यायचा बंद झाला. अप्पांनी आडतीला कुलूप लावलं आन् लातूरला लेकाकडं निघाले. जाता जाता म्हणले, "तुमच्यातच एकी न्हवती, मी तरी काय करू?"

आम्ही कुलपासमोर बसून राहिलो. जुबेदाबी तिची चाळणी मागायला आली होती, तीही तिथंच उभी.

गंगाबाईचा नवरा म्हणला, "काम गेलं ते कुणामुळं, सांगा की."

अप्पांचं नाव कुणाच्या तोंडातून निघेना. गंगाबाई माझ्याकडं बघू लागली. मी खाली मान घातली आन् म्हणलं,

"जुबेदा."