साडेतीनची फेरी

जर्मनीतल्या आखन शहरातून सुटलेल्या बसमधून तासभर गाई बघत मी त्या गावी पोहोचले. एक चर्च, एक बेकरी, गावाबाहेर जुनी पवनचक्की, संपलं गाव. माझा भाचा ओंकार आखनला पीएच.डी. करतो. तिथे खोली मिळेना, म्हणून तो इथे राहतो, अठराव्या शतकातल्या एका तत्त्वज्ञाच्या घराच्या माळ्यावर. तत्त्वज्ञाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. दारावरच्या पाटीवर त्याची शिकवण कोरली आहे. ओंकारने अर्थ सांगितला: 'का?' विचारल्याशिवाय काहीही मानू नका.

"माणूस शहाणा दिसतोय," मी म्हटलं.

"अगं मावशी, पुढचं ऐक," ओंकार म्हणाला.

या शहाण्याने लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, नुसते जाडजूड ग्रंथ लिहिले. रोज दुपारी साडेतीनला तो पवनचक्कीपर्यंत फिरून यायचा. छातीत गार हवा जाऊ नये म्हणून तोंड मिटून, नाकाने श्वास घेत. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं, की माळ्यावर राहील त्याने ही फेरी अशीच, तोंड मिटून, चालू ठेवावी. टोपी आणि काठी त्याचीच. एक दिवस चुकला, तर खोली सोडायची.

"आणि उद्या साडेतीनलाच माझा व्हिसाच्या ऑफिसात टर्मिन आहे (आधी घेतलेली भेटीची वेळ). चार महिन्यांनी मिळालाय गं. बदली म्हणून घरातलं माणूस चालतं इथल्या स्मारक मंडळाला. मावशी म्हणजे आईच, असं सांगून ठेवलंय मी."

मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्याची नोकरी केली. आमच्या साताऱ्यात मी तोंड मिटून चालणार ही बातमी कळली असती तर लोक हसून लोळले असते.

दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेसवर ती तिकोनी टोपी चढवून मी निघाले. मागून स्मारक मंडळाच्या चिटणीस वेबरबाई सायकलवर, हातात वही. बेकरीवाल्याने मला पाहून भिंतीवरचं घड्याळ लावलं. एक आजोबा "हालो" म्हणाले, मी मान तुकवली. सगळं नीट चाललं होतं.

पवनचक्कीपाशी बाकावर एक मुलगी फोनवर बोलत होती. मराठीत!

"अगं आई, साबुदाणा भिजवताना मरणाचं पाणी घालते मी! तरी खिचडीचा नुसता लगदा होतो."

माझे पाय थबकले. उत्तर जिभेवर होतं. मागे सायकलचा ब्रेक वाजला. मला ओंकारची खोली दिसली, त्याची दोन बोचकी रस्त्यावर दिसली आणि मी तोंड मिटून वळले. इतकं वाईट मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

दारात वेबरबाईंनी वहीत खूण केली. "गेनाऊ!" (अगदी बरोबर!) म्हणाल्या. खोली वाचली. आता तोंड उघडायला हरकत नव्हती, म्हणून मी पाटीकडे बोट दाखवून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "पण तोंड का मिटायचं? हल्ली तर सगळे स्वेटर घालतात."

बाईंनी खूप विचार केला. "आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे," त्या म्हणाल्या.

माझ्या सासूबाईंचा आवाजच ऐकल्यासारखं झालं. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्या बाकावर एक चिठ्ठी चिकटवली: 'साबुदाणा दोनदा धू. पाणी वर बोटभर नको, जेमतेम बुडेल इतकंच. चार तास झाकून ठेव. – एक मावशी.' मग विमान, मुंबई, सातारा.

काल ओंकारचा फोन आला. मुलगी पुन्हा दिसली का, हे मी आधी विचारलं. नाही म्हणाला. चिठ्ठी मात्र वेबरबाईंना सापडली. तत्त्वज्ञाची टोपी घालून आलेल्या बाईने लिहिलेली, म्हणून मंडळाने ती काचेत बसवली आहे. आता रोज फेरीत तिथे थांबून टोपी काढायची आणि मिनिटभर उभं राहायचं, असं खोलीच्या करारात घातलंय.

"अरे, मग काय लिहिलंय ते सांगितलंस का त्यांना?"

"कुणी विचारलंच नाही, मावशी."