मैना परण्याला

"घोडी देणार न्हाई म्हणजे? माझ्या लेकाचा परण्या हाय, धुरपता!"

"संगं न्या, आक्का. बसू देणार न्हाई."

"बसायचं न्हाई तर काय तिला अक्षता टाकायला न्यायचं?"

मुखेडात धुरपताबाईच्या अंगणात नणंद नागुबाई हळदीच्या लुगड्यातच येऊन भांडत होती. फाटकाशी बँडवाले खोळंबलेले. लग्नाआधी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघतो, तो परण्या. या घरात भाच्याचा परण्या मामाच्या घोडीवरून निघतो. मामा, म्हणजे धुरपताबाईचा नवरा अमरनाथ, आता न्हाई. त्याची घोडी मैना तेवढी आहे.

धुरपताबाई नवी नवरी असताना घोडीला एवढी भ्यायची की पाण्याची बादली काठीनं ढकलायची. आता मैनेच्या मानेवर हात टाकून तिला गल्लीभरच्या चहाड्या सांगते. अमरनाथनं मैनेला वाजंत्रीवर दोन पायांवर नाचायला शिकवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत नाचतानाच ती घसरली आणि डाव्या मागच्या पायानं लंगडू लागली. जो तो खूर बघायचा. नाल काढला, परत ठोकला. एकजण म्हणाला, तापल्या सळईचा डाग द्या.

"आधी तुमच्या गुडघ्याला देते," धुरपताबाई म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरनं बोट ठेवलं ते पार वर, पोटाजवळ. घोड्याचा मागचा गुडघा तिथं असतो, आणि मैनेच्या गुडघ्यातलं लिगामेंट फाटलं होतं. नाच बंद, पाठीवर माणूस बंद. आधी नुसता आराम, मग दोरीला धरून सावकाश फिरवायचं. तेव्हापासून सकाळी दोघी गावाबाहेर चालतात. धुळीत खुराची फरफटलेली रेघ पुसट दिसली की धुरपताबाईचा दिवस झाक जातो.

"एका दिवसानं काय होतंय गं?"

"वर वजन येतंय. अन् बँड वाजला की ही दोन पायांवर उभीच राहणार. तिला काय ठाव, पाय बरा व्हायचाय म्हणून?"

"मग बँड बंद ठेवू? परण्या हाय का मयत?"

"मयताला बी हलगी वाजते, आक्का."

बँडवाले खिदळले. नागुबाई हसली न्हाई. पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाऊ तर न्हाई. त्याची घोडी तरी मिरवावी, एवढंच म्हणून राहिले मी."

धुरपताबाईचा आवाज उतरला. "मिरवा की. पायी जाईल ती पोरासंगं. फकस्त वाजवू नगा."

"नवरदेव पायी? गाव काय म्हणंल?"

मुंडावळ्या बांधून सुदर्शन मघापासून ओट्यावर बसला होता. तो उठला. खुंट्याची दोरी सोडली, मैनेची मान थोपटली.

"अरे, बँडवाल्यांना काय सांगू?" नागुबाई ओरडली. "सुदर्शन, तुला विचारून राहिले!"

क्लॅरिनेटवाल्यानं क्लॅरिनेट बगलेत मारलं आणि वाट दिली. सुदर्शन मैनेच्या चालीनं, सावकाश, फाटकातून बाहेर पडला.