मशीन फेल, तर कॉलेज

सुतारकामाच्या कारखान्यात दोन गोष्टींचा ढीग रोज साचतो. एक भुसा आणि दुसरे किस्से. भुसा निदान गल्लीतल्या बाया शेगडीसाठी पोत्यात भरून घेऊन जातात. किस्से कोणी नेत नाही. ते तिथंच पडून राहतात आणि कोणी चहाला येऊन बसलं की त्याच्या नाकातोंडात जातात.

आमचा कारखाना परतूरला, मोंढ्याच्या मागच्या गल्लीत. कारखाना म्हणायचं एवढंच, आहे पत्र्याचं शेड. मालक दोघं. एक माझे वडील, त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं. दुसरे त्यांचे भागीदार रज्जाकचाचा. याशिवाय माझे मामा. मामा वीज खात्यातून रिटायर झालेले. त्यांचा कारखान्याशी संबंध इतकाच की तिथली सगळ्यात चांगली खुर्ची त्यांची.

चौथा मी. औरंगाबादला डिप्लोमा करत होतो, दुसऱ्या वर्षाला सोडून आलो. तिथं वर्षभर मोटरीचं चित्र काढायला लावलं, मोटर काही दाखवली नाही. हे घरी सांगितलं तर मामा म्हणाले, "मंग चित्र तरी बरं आलं का?"

असल्या माणसांत राहून मशीन घ्यायची होती!

* * *

मशीन म्हणजे भोकं पाडायची मशीन. दाराच्या चौकटीत उभ्या लाकडाला चौकोनी भोक पाडतात, आडव्या लाकडाच्या टोकाला कूस, म्हणजे चौकोनी जीभ, काढतात आणि ती भोकात ठोकून बसवतात. तात्या हे भोक जन्मभर किकऱ्यानं पाडत आलेले. किकरं म्हणजे अरुंद, जाड पटाशी. वरून हातोडा हाणायचा, लाकूड उकरायचं, पुन्हा हाणायचा. चौकट पुरी होईपर्यंत तात्यांचा कोपर असा धरायचा की जेवताना हात तोंडाकडं जायच्या ऐवजी तोंड हाताकडं यायचं.

त्यात गावात सिमेंटच्या तयार चौकटी आल्या. गिऱ्हाईक आमच्याकडं येऊन चहा प्यायचं आणि चौकट तिकडून न्यायचं.

मी म्हणालो, टेबलावर बसते अशी मशीन मिळते. पोकळ चौकोनी पटाशी असते, तिच्या आत गिरमिट फिरतं. लिव्हर खाली ओढली की भोक तयार.

तात्यांनी विचारलं, "मंग तू काय करणार?"

"लिव्हर ओढणार."

"लिव्हर ओढायला डिप्लोमा सोडला?"

भांडण बरंच चाललं. शेवटी तात्यांनी सौदा केला. "मशीन घेऊ. पण फेल गेली तर मुकाट्यानं कॉलेजात परत जायचं. चालली, तर मी कॉलेजाचं नाव पुन्हा तोंडातून काढणार न्हाई."

"मैं गवाह," चाचा म्हणाले.

"मीबी," मामा म्हणाले. मामा कशालाही गवाह होतात. बसल्या बसल्या होता येतं म्हणून.

* * *

पहिला घोळ मामांनीच घातला. त्यांचं म्हणणं, मशीन घ्यायची तर थ्री फेजची घ्या. सिंगल फेजची मशीन म्हणजे खेळणं.

"थ्री फेज म्हणजे कसं," मामा चाचांना समजावून सांगत होते, "एका गाडीला तीन बैल. एक बसला तरी दोघं ओढतात."

मी डिप्लोमा सोडला असला तरी एवढं शिकलो होतो. म्हणालो, "मामा, एक फेज गेला तर मोटर ओढत नाही, जळते."

"तू पास झाल्तास का?" मामा म्हणाले.

झालं. तात्याही त्यांच्या बाजूनं गेले. थ्री फेजच घ्यायची, कारण मोठं माणूस सांगून राह्यलं. चहा झाला, पान झालं. मग चाचांनी शांतपणे विचारलं, "पर तात्या, अपने शेड में थ्री फेज है किधर?"

नव्हतंच. आमच्या गल्लीत थ्री फेजची लाइन कधी आलीच नाही. बाजूच्या गल्लीपर्यंत आली, आमच्या तोंडाशी थांबली. ती ओढायचं काम तेव्हा ज्या लाइनमनकडं होतं, तो त्या सबंध उन्हाळ्यात बहिणीच्या घरी आंबे खात होता.

बहीण म्हणजे माझी आई.

सिंगल फेज ठरलं.

* * *

मशीन बघायला आम्ही जालन्याला गेलो. तात्यांच्या पिशवीत डबा होता आणि डब्याखाली बाभळीचं एक लाकूड. आजोबांच्या काळातल्या बैलगाडीच्या जुन्या चाकाचा तुकडा. वाळून वाळून असा झालेला की खिळा ठोकला तर खिळा वाकतो.

पहिल्या दुकानातल्या माणसानं आम्हाला डेमो दाखवला. खोक्याची एक फळी घेतली, लिव्हर ओढली, भोक पडलं. लोणी कापावं तसं. पुन्हा पाडलं. आमच्याकडं बघून हसला.

तात्यांनी पिशवीतून बाभूळ काढली. "आता यात."

त्यानं लावली. मशीन आधी घुमली, मग कण्हली. मग तिचा खांब मागं झुकला आणि पट्ट्यातून जळका वास सुटला. दुकानदारानं घाईनं बटण बंद केलं. म्हणाला, "काका, असलं लाकूड कोणी डेमोला आणतं का?"

तात्यांचे सगळे दाखले लग्नातले असतात. ते म्हणाले, "मांडवात सगळेच जावई देखणे असतेत. मी वावरात बघून पोरगी देतो."

* * *

दुसऱ्या दुकानातली मशीन दणकट होती. बाभळीत पटाशी बराबर घुसली. पण बाहेर येताना एकटी आली नाही, लाकूडच घेऊन वर आली. आम्ही सगळे बघतोय आणि आजोबांच्या गाडीचं चाक पटाशीला लटकून झुलतंय.

लाकूड खाली दाबून धरणारा पंजाच तिला नीट नव्हता. माझ्या मते तिथंच विषय संपला. पण दुकानातला सेल्समन मोठा हुशार. तो चाचांना म्हणाला, "चाचा, काही नाही, तुम्ही फक्त इकडून लाकूड दाबून धरायचं. आणि दुसऱ्या एकानं तिकडून. मग बघा."

चाचांनी पटाशीला लटकलेलं लाकूड सोडवून घेतलं. म्हणाले, "बेटा, हम मशीन लेने कू आए, या मशीन के घर नौकरी करने कू?"

* * *

तिसऱ्या दुकानात मिळाली. पंजा घट्ट, लिव्हर लांब, आणि चौकटीचं जाड लाकूड आडवं ठेवलं तरी वर पटाशीला जागा उरत होती. बाभळीत भोक पडलं. तात्यांनी भोकात बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं, वास घेतला. काही दोष सापडेना, म्हणून म्हणाले, "रंग बरोबर न्हाई."

मी तेवढ्यात पॅक करायला सांगितली.

परतताना पॅसेंजरला गर्दी होती. मशीन खाली ठेवू का विचारलं तर तात्या भडकले. खाली लोक थुंकतात. मग मशीन गोधडीत गुंडाळून सीटवर, तात्या आणि चाचा यांच्या मध्ये. मी उभा. मी पोटचा, पण मी उभा.

टीसी आला. तिकिटं बघितली, गोधडीकडं बघितलं. "और ये? इसका टिकट?"

चाचांनी गोधडी नीट केली. "पाँच साल के नीचे है साब. इसका नहीं लगता."

* * *

मशीन बसवली त्या दिवशी तात्यांनी पूजा काढली. हळदीकुंकू झालं, हार झाला. नारळ बाहेर पायरीवर फोडायचा, तर तात्यांनी तो मशीनच्या लोखंडी पायावर फोडला. मी ओरडेपर्यंत पाणी मोटरीवर गेलं होतं.

मग म्हणाले, "कर चालू."

मी केली. काहीच नाही. पुन्हा बटण दाबलं. मशीन गप्प.

मामा खुर्चीतून उठले. मामा उठले म्हणजे प्रसंग गंभीर. त्यांनी मोटरीला हात लावला, कान लावला, आणि डोळे मिटून सांगितलं, "गेली. कॉइलमधी पाणी गेलं."

मला वाटलं होतं तात्यांना वाईट वाटेल. कसलं काय. पूजेच्या वेळेला चेहऱ्यावर नव्हतं एवढं तेज आलं. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "जाऊ दे. नशीब एकेकाचं. बॅग भर. कॉलेज सुरू झालं असंल न्हाई का?"

माझं डोकं फिरलं. पाणी यांनी ओतायचं आणि परीक्षा मी द्यायची! मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचा वर बघत म्हणाले, "तात्या, पंखे में भी नारियल का पानी गया क्या?"

पंखा बंद होता. सगळ्या परतूरची लाइट गेलेली होती.

वीज खात्यातून रिटायर झालेले मामा हळूच पुन्हा खुर्चीत बसले.

* * *

मशीन चालायला लागली. आता तात्यांना ती हाताळायची होती, पण माझ्याकडून शिकायची नव्हती.

पोकळ पटाशी आणि आतलं गिरमिट यांच्यामध्ये टोकाशी थोडी फट ठेवावी लागते, नाणं बसेल एवढी. नाही ठेवली तर लोखंडावर लोखंड घासतं. मी हे तात्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं. पण तात्यांच्या आयुष्यात ढिलं ठेवायची सवयच नाही. रंध्याचं पातं असो, किकऱ्याचा दांडा असो की आम्ही पोरं, सगळं घट्ट.

मी चहाला गेलो. परत आलो तर शेडमधून धूर. पटाशीचं टोक निळं पडलेलं आणि तात्या तिच्यावर फुंकर मारून राह्यलेले.

"फट ठेवली होती का?" मी विचारलं.

"ठेवली असती, पण ढिली वाटत होती."

"तात्या, जळाली ना ती!"

"ओरडू नको," तात्या म्हणाले. "नवी सून हाय. पहिल्या दिवशी धूर लागायचाच."

* * *

मग शहागडचं काम आलं. हायवेवर धाबा चालवणारे बाबुराव नवं घर बांधत होते. त्यांनी सांगून टाकलं, "आतल्या चौकटी मशीनवर करा, माझी ना न्हाई. पण मोठ्या दाराची चौकट तात्यांच्या हातचीच पाहिजे."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मशीन जणू मीच होतो. "बघ. माणसाला किंमत हाय अजून."

मोठ्या दाराच्या लाकडाला आम्ही हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी मी आणि चाचा जाफराबादला एका घराची मापं घ्यायला गेल्तो. संध्याकाळी आलो तर चौकट तयार. भोकं पडलेली, कुसा काढलेल्या. टेबलावर किकरं तेल लावून ठेवलेलं.

मी भोकात वाकून बघितलं. किकऱ्याच्या भोकाचा तळ उकरल्यासारखा असतो. मशीनच्या भोकाच्या तळाशी गिरमिटाचा गोल खळगा राहतो.

"तात्या, हातानं केलं?"

"मंग काय पायानं?"

मामा दिवसभर खुर्चीतच होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "माझा डोळा लागल्ता." कशालाही गवाह होणारा माणूस, याला झाला नाही.

त्या दिवशी जेवताना तात्यांचा हात सरळ तोंडाकडं जात होता.

शहागडला चौकट उभी राहिली. हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. आमच्याकडं चौकट उभी केली की मिस्त्रीला टॉवेल-टोपीचा मान असतो. बाबुरावांनी तात्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि चौकटीवर थाप मारून पाहुण्यांना म्हणाले, "याला म्हणतात हातकाम. मशीनच्या बापाला जमणार न्हाई."

तात्या एरवी अशा वेळी अर्धा तास बोलतात. त्या दिवशी काढून ठेवलेली चप्पल शोधायला लागले.

परतीच्या जीपमध्ये टोपी डोक्यावर नव्हती. मांडीवर होती.

सकाळी मी शेड उघडायला गेलो तर ते आधीच उघडं होतं. मशीनच्या मोटरीवर टोपी घातलेली, खाली खांबाला टॉवेल गुंडाळलेला. तात्या बाजूला लाकडावर पेन्सिलीनं खुणा करून राह्यलेले.

मामा आले आणि खुर्चीत बसता बसता थांबले. "हे काय सोंग?"

"भुसा पडतो तिच्या डोक्यावर," तात्या म्हणाले.

चाचांनी चहा ओतला, एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि मग तात्यांकडं. "तात्या, फिर इसके कॉलेज का क्या करना?"

तात्यांनी लाकूड पटाशीखाली सरकवलं. पंजा आवळला.

"कोणतं कॉलेज?"