वैशालीच्या छतातलं मेण

जयपूर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि एप्रिलची लू (उन्हाची कोरडी झळ) तोंडावर आली, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. सासूबाई वर्षभर इथे माझ्या धाकट्या जावेकडे, वैशालीकडे, राहत होत्या. मी त्यांना नागपूरला परत न्यायला आले होते. नागपूरही तापतं, पण माझ्याकडे कूलर तरी होते; असल्या उन्हात त्या आपणहून निघतील, असा माझा अंदाज होता.

रिक्षा सी-स्कीमच्या भर वस्तीतून बाहेर पडून शहराबाहेरच्या कानोता गावाच्या रस्त्याला लागली. "उधर तो और तपेगा, मैडम," रिक्षावाला म्हणाला. मी खूशच झाले.

वैशालीच्या घरात शिरले आणि माझा चेहरा पडला. एसी नसूनही घर गारेगार होतं. छाछ (ताक) आणि गट्ट्याची (बेसनाच्या वड्यांची) भाजी वाढता वाढता तिने सांगितलं की छताच्या आत मेणाच्या चपट्या पिशव्या बसवल्यात. दिवसा मेण उष्णता शोषून वितळतं, म्हणून खोली तापत नाही. "फक्त रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या, ताई. गार हवेने मेण परत घट्ट झालं नाही, मतलब दुसऱ्या दिवशी सगळं फुकट."

आई, म्हणजे सासूबाई, कौतुकाने मान डोलवत होत्या. माझ्या घरी दोन कूलर आहेत, पण त्यांच्यासाठी ती मान कधी हलली नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

दोन दिवस घरात मेणाचंच गुणगान चाललं. तिसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर मी उठले आणि एकूण एक खिडकी लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर तापलं. वैशाली रडवेली झाली. खिडक्या कोणी लावल्या, म्हणून विचारत सुटली.

"मीच लावल्या," आई म्हणाल्या. "डास येत होते."

वैशाली टेबलफॅन आणायला आत गेली, तशा त्या माझ्याकडे वळल्या. "मी जागीच होते. मला न्यायला आलीस ना? मग इतक्या दिवसांत एकदा तरी 'चला' म्हणालीस का?"

नव्हते म्हणाले. वर्षभरात फोनवरसुद्धा नाही.

"चला ना, आई," मी कसंबसं म्हटलं. त्यांनी मला कपाटावरची बॅग खाली काढायला सांगितली.

नागपूरला पोचलो तेव्हा घर नुसतं पेटलं होतं. आईंनी पदर खोचून स्वतः कूलरमध्ये पाणी भरलं. संध्याकाळी वैशालीचा फोन आला. आईंशिवाय घर खायला उठतंय, म्हणाली. ऐकून मला आधी बरं वाटलं आणि मग त्याची लाज वाटली. खिडक्या मी लावल्या होत्या, हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं.

"आई इथे मजेत आहेत," एवढंच म्हणाले.